कुऱ्हाडीची शिकवणी

मराठी भाषेने कुऱ्हाडीवर अन्याय केला आहे, असे आमचे प्रांजळ मत आहे. घरभेद्याचा उल्लेख करावयाचा झाला की कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कोणी आपल्याच हाताने आपले नुकसान करून घेतले की त्याने स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर कुऱ्हाड नेहमी कोणावर तरी कोसळतच असते. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी आपले उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले, तेव्हा त्यांच्या नियमांतही 'कुऱ्हाडबंदी' होती. ती योग्यच होती, यात वाद नाही. परंतु ज्या अवजाराने घराचे वासे उभे केले, होडीसाठी लाकूड ताशिले, चुलीला सर्पण पुरविले, त्याच्या वाट्याला एकही गोड म्हण येऊ नये, ही गोष्ट भाषा शिकविणाऱ्या माणसास खटकल्यावाचून राहत नाही. आमच्या घरच्या कोंकणीत तिला 'कुराड' म्हणतात; तेथेही तिची कीर्ती फारशी निराळी नाही.

हा विषय येथे काढण्याचे कारण असे की, गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही कॅनडातील टोरांटो शहरास लागून असलेल्या मिसिसॉगा येथे थोरल्या बंधूंकडे गेलो असता, रीतसर पैसे मोजून कुऱ्हाड फेकण्याचा खेळ आयुष्यात प्रथमच खेळून आलो. परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत सांगितली, तेव्हा बरेच हसू झाले. "सर, फेकायला येथे खडू काय कमी होते?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. वाचकांपैकी ज्यांना हसू येईल त्यांनीही अवश्य हसावे. नायगाराच्या धबधब्याचे वर्णन मात्र आमच्याकडून अपेक्षू नये. ते अनेकांनी आमच्याहून चांगले केले आहे. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते आपल्या शाळेपुढे यंदा आलेल्या एका प्रश्नाशी निगडित आहे, आणि त्या प्रश्नाकडे जाण्याची वाट आमच्यापुरती त्या लोखंडी पात्यावरूनच जाते.

प्रथम खेळाविषयी थोडे. फेकण्याची कुऱ्हाड युरोपात फार जुनी. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्या अशी आखूड दांड्याची कुऱ्हाड शत्रूवर फेकीत, आणि तिला 'फ्रान्सिस्का' हे नाव पडले. त्यांच्या चिल्डेरिक राजाची कबर तुर्ने येथे १६५३ साली सापडली, तेव्हा तीत तलवारीबरोबर अशीही एक कुऱ्हाड निघाली. पुढे युद्धातून ती गेली आणि उरली लाकूडतोड्यांच्या हाती. ओंडके तोडण्याची शर्यत हा त्यांचा आवडता खेळ. टास्मानिया बेटावरील लाट्रोब या गावी १८९१ साली या शर्यतीची पहिली जागतिक स्पर्धा भरली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील हेवर्ड येथे लाकूडतोड्यांच्या स्पर्धा १९६० पासून भरत आल्या आहेत. शहरी माणसाचा खेळ मात्र अगदी अलीकडचा. टोरांटोतील मॅट विल्सन या गृहस्थांनी २००६ साली आपल्या घरामागील अंगणात मित्रमंडळींना जमवून कुऱ्हाडी फेकण्यास आरंभ केला, त्यातून मंडळ निघाले, मंडळाने छपराखाली जागा घेतली, आणि पाहता पाहता तो उद्योग झाला. २०१७ साली या खेळाची एक जागतिक संघटनाही स्थापन झाली.

येथे आपल्याकडील वाचक अस्वस्थ होऊन म्हणेल, "आणि परशुराम?" खरे आहे. चिपळूणला त्याचे देऊळ आहे, आमच्या गोव्यात पैंगीणला आहे, आणि समुद्र हटवून ही भूमी त्यानेच मिळविली अशी आपली श्रद्धा आहे. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आपल्याकडील कथेत त्याने बहुधा बाण मारला. बाणावली हे गावाचे नाव त्याचीच साक्ष म्हणून सांगतात. परशु फेकल्याची कथा केरळाची. गोकर्णावरून फेकलेला परशु कन्याकुमारीपर्यंत गेला आणि तेवढा समुद्र मागे सरला, असे तेथील लोक सांगतात. नववीच्या वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्यात कुऱ्हाडीच्या गिरक्या किती झाल्या असतील?" प्रश्न उत्तम होता. तो का उत्तम होता हे पुढे येईलच.

आता त्या जागेकडे वळू. बाहेरून पाहता ते एखाद्या गोदामासारखे दिसते. आत लाकडी आडोसे व तारेच्या जाळ्या लावून एकेक गल्ली पाडलेली, आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला उभ्या फळ्यांचे लक्ष्य. फळ्या मऊ लाकडाच्या. त्यांवर रंगीत वर्तुळे. फळ्यांवर अधूनमधून पाणी शिंपडतात, कारण ओले लाकूड पाते धरून ठेवते आणि लवकर फाटत नाही. त्यामुळे त्या सबंध जागेस पावसाळ्याच्या आरंभी सुताराच्या मांडवात येतो तसा ओल्या भुशाचा वास येत होता. परमुलखात तो वास एकाएकी भेटला, तेव्हा आम्ही क्षणभर दारातच थबकलो.

बरोबर आमचा पुतण्या होता, वय वर्षे पंधरा. वहिनींना हा बेत पसंत नव्हता. "त्याला नका हं देऊ हातात," असे त्यांनी निघताना दोनदा बजावले. पण शिकविणारी जी तरुणी आमच्या वाट्यास आली, तिने आधी त्याच्याच हाती कुऱ्हाड दिली. 'दिली' हा शब्दही तितकासा बरोबर नाही. हातातून हातात कुऱ्हाड द्यावयाची नाही, हा तेथील पहिलाच नियम. जो फेकून आला त्याने ती ठोकळ्यात रोवून किंवा खाली ठेवून मागे सरावे, आणि मगच दुसऱ्याने ती उचलावी. चालताना पाते खाली. शेजारच्या दोन गल्ल्यांतील माणसांनी एकाच वेळी फेकावे, आणि दोघांच्याही कुऱ्हाडी पडल्याखेरीज त्या आणावयास कोणीही रेषा ओलांडू नये. उसळून परत आलेली कुऱ्हाड झेलण्याचा यत्न करू नये, बाजूस व्हावे. पायांत बंद जोडे हवेत. चपला घालून आलेल्या एका धिप्पाड गृहस्थास तिने फार सौजन्याने, पण निक्षून, बाकावर बसवून ठेवले. एवढे सगळे सांगावयास तिला पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. "सावध राहा", "काळजी घ्या" असली वाक्ये तिच्या तोंडून आली नाहीत. काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, एवढेच ती सांगत होती. शिक्षकाच्या व्यवसायात इतकी वर्षे काढलेल्या माणसास ही मितभाषिता पाहून थोडे ओशाळल्यासारखे होते.

कुऱ्हाड लहानशीच असते. वजन सुमारे दीड-दोन पौंड, दांडा हातभराहून आखूड. लक्ष्यापासून सुमारे बारा फुटांवर उभे राहावयाचे. दोन्ही हातांनी दांडा धरून, पाते सरळ ठेवून, कुऱ्हाड डोक्यामागे न्यावयाची आणि हात पुढे आणीत ते डोळ्यांच्या रेषेत आले की सोडावयाची. मनगटास झटका द्यावयाचा नाही. सुटलेली कुऱ्हाड हवेत एक पुरी गिरकी घेते आणि पाते फळीत रुतते. दहा-बारा वेळा तिने फळीवर आपटून खडखडाट केला आणि खाली पडली. तेराव्या की चौदाव्या वेळी एक निराळाच आवाज आला: 'थप्प', असा बुटका आणि तृप्त. हा आवाज ज्याने एकदा काढला त्याला तो पुन्हा काढावासा वाटतो. या खेळाचा सारा धंदा त्या एका आवाजावर चालला असावा, असा आमचा तर्क आहे.

आता विद्यार्थिमित्रांसाठी यातील गंमतीचा भाग. आपटून पडणारी कुऱ्हाड पाहून प्रत्येक नवखा माणूस अधिक जोर लावतो. शेजारच्या गल्लीतील कचेरीची तरुण मंडळी तेच करीत होती आणि फळी नुसती दणाणत होती. शिकविणाऱ्या तरुणीने त्यांना सांगितले, "जोर नको, एक पाऊल मागे या." पाऊल मागे आले आणि कुऱ्हाड रुतली. हे जादूने घडत नाही. हात वर्तुळाच्या कमानीत फिरतो. त्या कमानीवरूनच कुऱ्हाडीस पुढे जाण्याचा वेग मिळतो आणि तिच्यावरूनच गिरकीचाही वेग मिळतो. हात दुप्पट जोराने फिरविला तर दोन्ही वेग दुप्पट होतात, आणि एका गिरकीत कापले जाणारे अंतर आहे तेवढेच राहते. हे अंतर म्हणजे त्या वर्तुळाचा परीघ. बारा फूट परिघाची त्रिज्या काढून पाहा: बारास सातने गुणा, चव्वेचाळिसाने भागा, दोन फुटांस किंचित कमी, म्हणजे सुमारे तेवीस इंच येते. तुमच्या कोपरापासून हातातील कुऱ्हाडीच्या डोक्यापर्यंत साधारण तेवढेच अंतर भरेल. हिशेब ढोबळ आहे. खांदाही थोडा फिरतो, हात पुढे आलेला असतो. तरीही गाभा हाच. दांड्याचे टोक आधी आपटले तर गिरकी पुरी झाली नाही, म्हणून मागे सरावे. पात्याचा माथा आधी आपटला तर गिरकी अधिक झाली, म्हणून पुढे यावे. आमच्या पुतण्यास हे चौथ्या फेकीत कळले. त्याने हिशेब केला नव्हता. कुऱ्हाड कशी आपटली ते पाहिले आणि पाऊल हलविले. परिघाचे सूत्र त्याला दोन वर्षांपूर्वीच पाठ होते, पण ते सूत्र आणि हे पाऊल यांची गाठ त्या गोदामात प्रथमच पडली.

लक्ष्याच्या वरच्या अंगास दोन इवलीशी वर्तुळे असतात. तेथे पाते रुतले तर मधल्या वर्तुळाहून अधिक गुण. पण त्यावर नेम धरावयाचा तर आधी तसे मोठ्याने जाहीर करावे लागते. चुकून लागले तर त्याचे गुण नाहीत. परीक्षेच्या पद्धतीत ही सुधारणा करता आली तर किती बरे, असा एक विचार आमच्या मनात येऊन गेला.

त्या खेळाची निव्वळ स्तुती करण्याचा मात्र आमचा हेतू नाही. माणशी चाळीसाहून अधिक डॉलर, म्हणजे आपले अडीच हजारांच्या घरात रुपये देऊन तासा-दीड तासाने हात दुखवून घरी यावयाचे, हे आमच्या काटकसरी मनास रुचले नाही. आणखी एक गोष्ट रुचली नाही, ती म्हणजे अशा पुष्कळ जागी खेळणाऱ्यांस बिअरही विकत मिळते. कुऱ्हाड आणि मद्य एका छपराखाली ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या व्यापारी बुद्धीचे कौतुक करावे, पण त्याच्या शेजारच्या गल्लीत उभे राहू नये. शिवाय, एका काळी ज्याच्यावर पोट भरत असे ते काम पोट भरलेल्यांची करमणूक होते, यात काही तरी विपरीत आहे. लाकूडतोड्याला त्या कुऱ्हाडीचे पैसे मिळत. आम्ही ते दिले.

असे असूनही एक विचार आमच्यामागे समुद्र ओलांडून आला. एका अनोळखी देशातील अनोळखी मुलीने एका अनोळखी पोराच्या हाती धारदार पाते सोपविले, आणि त्यासाठी तिला त्याच्या स्वभावाचा दाखला लागला नाही. नियम स्पष्ट होते, नजर लक्ष देत होती, एवढे पुरे झाले. आपल्या शाळेत आपण याच्या नेमके उलट करतो. स्पष्ट नियम घालण्याचे कष्ट नकोत म्हणून ती वस्तूच काढून टाकतो. आंब्यावर चढू नका. विहिरीकडे जाऊ नका. कर्कटकाचे टोक बोथट करा. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा शिक्षक पेटवतील. अशा रीतीने दहा वर्षे सुरक्षित राखलेला विद्यार्थी अकरावीत जातो, दुचाकीवर बसतो, आणि त्या यंत्राच्या वेगाशी त्याची पहिली ओळख हमरस्त्यावर होते. ज्याने कधी सुरीने बोट कापून घेतले नाही, त्याला धार म्हणजे काय हे कोणत्या पुस्तकातून समजावे?

शाळेच्या मागील पडवीत एक बंद खोली आहे. जुन्या विद्यार्थ्यांस ती 'सुतारकामाची खोली' म्हणून आठवत असेल. यंदा जूनमध्ये ती उघडून पाहिली. करवती आहेत, दोन रंधे आहेत, पटाश्या आहेत, वाकस आहे, गिरमिटे आहेत, एक गुण्या आहे. सर्वांवर गंज चढलेला, पण दांडे शाबूत. भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगाने काढलेली आहे, म्हणजे कोणते कोठे टांगावयाचे हे विसरू नये. ज्या कोणा शिक्षकांनी त्या आकृत्या काढल्या त्यांचे नाव आम्हांस कोणी सांगू शकले नाही. त्यांना वंदन असो.

ही कल्पना काही कॅनडातून आणावयास नको होती. फिनलंडने १८६६ सालीच आपल्या लोकशाळांत हस्तकाम सक्तीचे केले. उनो सिग्नेउस यांचा तो आग्रह. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, आणि हाताच्या कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकविता येईल असे सांगितले. पुढे त्या विचाराचे काय झाले याची कथा दुःखद आहे. थोडक्यात म्हणजे टकळी राहिली, गणित निघून गेले, आणि अखेरीस टकळीही गेली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली काम शिकावे असे म्हटले आहे. आमचा पुतण्या ज्या ऑन्टॅरिओ प्रांतात शिकतो तेथे सप्टेंबर २०२४ पासून नववीत येणाऱ्या प्रत्येक मुलास माध्यमिक शिक्षण पुरे करण्यासाठी तंत्रकामाचा एक विषय घ्यावाच लागतो. त्याने शाळेत केलेली लाकडी पेटी वहिनींच्या स्वयंपाकघरात आहे. झाकण नीट बसत नाही. पण वहिनी ती कोणास हलवू देत नाहीत.

यंदाच्या पालकसभेत आम्ही असे सुचविले की, आपल्या शाळेने हे दहा दिवस सहली आणि चित्रपट यांत न घालविता त्यांतील निदान सहा दिवस हत्यारांस द्यावेत. दोन दिवस करवत आणि रंधा, दोन दिवस कोयता आणि आदोळी, दोन दिवस कुदळ आणि कुऱ्हाड. (आदोळी म्हणजे विळी, आमच्या घरी तोच शब्द आहे आणि तो सोडवत नाही.) सूचनेस विरोध होईल ही अपेक्षा होती. तो झालाही.

पहिला आक्षेप इजेचा. मुलाचे बोट कापले तर जबाबदार कोण? उत्तर साधे आहे: आम्ही. एका वेळी आठ मुले, दोन शिक्षक, शिकविणारा कारागीर जवळ, औषधाची पेटी उघडी. बारीकसारीक खरचटणे होईल, हे आम्ही आधीच जाहीर करतो, त्या वरच्या इवल्या वर्तुळाप्रमाणे. मोठी इजा होऊ न देण्याची व्यवस्था करता येते, आणि ती कशी करावी हे आम्ही पाहून आलो आहो. दुसरा आक्षेप गुणांचा: या सहा दिवसांत अभ्यास बुडतो. सहावी ते आठवीत सहा दिवसांनी बुडणारा अभ्यास तरंगत होता कशावर, हे कोणी सांगितल्यास आम्ही आभारी होऊ.

तिसरा आक्षेप सभेत कोणी उघड मांडला नाही. तो सभा संपल्यावर जिन्यात ऐकू आला. "सुताराची कामे शिकवायला का मुलांना शाळेत घातले?" या वाक्यात 'सुतार' या शब्दावर जो भार पडला होता, तो कागदावर उतरविणे कठीण. आपल्या समाजात हात मळवणारी माणसे आणि न मळवणारी माणसे यांच्यामध्ये जी रेषा आहे ती कोणी आखली, हे सर्वांस ठाऊक आहे. शाळा ही रेषा पुसण्याचे काम करील, अशी शंभर वर्षांपूर्वीच्या सुधारकांची आशा होती. प्रत्यक्षात शाळेने ती रेषा ओलांडण्याचे एक तिकीट तेवढे काढले, आणि ज्याला ते मिळाले नाही त्याला रेषेपलीकडेच ठेवले. आम्ही कठोर बोलत असू. पण जिन्यातील ते वाक्य ज्यांनी उच्चारले त्यांच्या घरचे नारळ दर तीन महिन्यांनी कोणी तरी काढतोच.

यावरूनच चौथ्या आक्षेपाकडे येतो, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पाडेली आहेत. माडावर चढून नारळ पाडणे हा त्यांचा व्यवसाय. मुलगा सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जातो. पाठीमागे कमरेला कोयता, पायांत दोराचे कडे, आणि वर गेल्यावर एका हाताने माडाला मिठी मारून दुसऱ्या हाताने नारळावर कोयत्याची पाठ ठोकून आवाजावरून तो तयार आहे की नाही हे ओळखावयाचे. खाली कोणी उभे राहावयाचे नाही. घड तोडण्याआधी हाक द्यावयाची. कोयता कधीही वरून खाली हातात द्यावयाचा नाही. हे नियम त्या मुलाने आम्हांस सांगितले तेव्हा मिसिसॉगाच्या गोदामातील तरुणी आठवली. तेच नियम, फक्त येथे बारा फुटांऐवजी पन्नास-साठ फूट, आणि तारेची जाळी नाही. हा मुलगा गणितात कच्चा समजला जातो.

त्याच्या वडिलांना आम्ही जाऊन भेटलो. त्या दोन दिवसांत शाळेत येऊन तुम्ही कोयता शिकवावा, अशी विनंती केली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आम्हांस कोंकणीत म्हणाले, "मास्तर, ह्या कोयत्यापासून पोर सुटावे म्हणून तर मी त्याला तुमच्याकडे पाठवला. तुम्हीच तो त्याच्या हातात देणार?"

या प्रश्नास तोंडपाठ उत्तर नाही. माडावरून पडलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. आम्ही पाहिलेली नाहीत. श्रमाचे गोडवे गाणारे लेख बहुधा सावलीत बसून लिहिलेले असतात, हा लेखही पंख्याखाली लिहिला जात आहे. त्यांचा मुलगा कचेरीत बसावा, ही त्यांची इच्छा कोणाही बापाच्या इच्छेइतकीच रास्त आहे, आणि नयी तालीम मागे पडण्याचे एक कारण हेच होते की, ज्यांच्या पिढ्या श्रमात गेल्या त्यांना शाळेत तरी श्रम नको होते. त्यांच्या जागी असतो तर आम्हीही हेच म्हटले असते.

तरीही आमचा आग्रह कायम आहे, आणि त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. तुमच्या मुलाच्या हातात कोयता द्यावा असे आम्ही म्हणतच नाही. तो त्याला येतो. आम्हांस तो इतर एकोणचाळीस मुलांच्या हातात द्यावयाचा आहे. त्यांतला प्रत्येक जण जेव्हा जमिनीवर पडलेला एक नारळ सोलू पाहील, आणि चौथ्या घावालाही सोडण निघणार नाही, तेव्हा त्या वर्गात कच्चा कोण हा प्रश्न नव्याने विचारला जाईल. तुमचा मुलगा त्या दिवशी बाकावर बसून राहिला तरी चालेल. आणि तुम्ही येणार ते शिक्षक म्हणून येणार. शिक्षकांच्या खोलीत तुमची खुर्ची असेल, आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्यास शाळा जे मानधन देते तेच तुम्हांस मिळेल. हे शेवटचे आम्ही मुख्याध्यापकांकडून लेखी घेतले आहे. त्यांनी ते पत्र वाचून घेतले, घडी करून खिशात ठेवले आणि "बघूया" म्हणाले. हा मजकूर छापावयास देईतो त्यांचे उत्तर आलेले नाही. त्यांनी नाही म्हटले तर कोयत्याचे दोन दिवस वगळू. दुसरा पाडेली शोधण्याचा विचार नाही.

राहता राहिला कुऱ्हाड फेकण्याचा प्रश्न, कारण नववीची मुले त्याविषयी रोज विचारतात. ती आपल्या शाळेत फेकली जाणार नाही. मैदान लहान आहे, शेजारी बालवर्ग आहे, आणि फळ्यांचे लाकूड फुकट येत नाही. मुले ओंडका फोडावयास शिकतील. फोडलेले सर्पण माध्यान्ह आहार शिजविणाऱ्या मावशींनी मागितले आहे. गिरक्यांचा हिशेब ज्यांना पडताळून पाहावयाचा असेल त्यांनी जाड काठीच्या एका टोकास चिंध्या बांधून तिला जड करावे आणि भिंतीवर नेम धरावा. नियम तेच राहतील. जाळी मात्र काढावयाची नाही, कारण तेथे खिडकी आहे.

खोलीतील हत्यारांचा गंज काढण्याचे काम दिवाळीच्या सुटीत सुरू होईल. ज्या पालकांस धार लावता येते, किंवा ज्यांच्या घरी जुनी सहाण अथवा कानस पडून आहे, त्यांनी कळवावे. संमतिपत्रके वर्गशिक्षकांकडे मिळतील. त्यांवर आई किंवा वडील, कोणा एकाची सही पुरे. पायांत बंद जोडे हवेत.